पेरते व्हा

रविवारच्या मिस्साबलिदानात आपण सारे उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. स्वर्ग आणि पृथ्वी ज्याने निर्माण केली त्या सर्वसमर्थ पित्यावर आपली श्रद्धा आहे, असे एका सुरात जाहीर करतो. त्या क्षणी मनात किंतु नसतो. किंतु उभा राहतो तो सोमवारी सकाळी. मुलाच्या शाळेची फी भरायची असते, दवाखान्यातून तपासणीचा कागद यायचा असतो, सोसायटीच्या कर्जाची मुदत संपत आलेली असते. रविवारी उच्चारलेली श्रद्धा सोमवारी कोणत्या रूपाने जगायची, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचा आहे. आम्हा बुलढाणा जिल्ह्यातील लोकांपुढे तो दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. रोहिणी नक्षत्र सरत येते, मृगाची चाहूल लागते आणि सारा जिल्हा मान वर करून आभाळाकडे पाहू लागतो.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे पडलेले हे भाग लोकांच्या बोलण्यात 'घाटावर' आणि 'घाटाखाली' म्हणून ओळखले जातात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. खोऱ्यातली जमीन काळी, कसदार, कपाशीची. परंतु तिच्या मोठ्या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी खारे लागते. म्हणून त्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. घाटावर लोणारचे जगप्रसिद्ध सरोवर आहे. अशनीपाताने झालेल्या त्या विवरात बारमाही पाणी आहे, पण ते खारट आणि क्षारयुक्त. त्यावर पीक काढता येत नाही. पाणी समोर दिसावे आणि शेताला मात्र त्याचा उपयोग नसावा, अशी ही भूमी आहे. जिल्ह्यातील बहुसंख्य शेती कोरडवाहू. येथे 'परमेश्वरावर भरवसा ठेवा' हे वाक्य भिंतीवरच्या तसबिरीत शोभून दिसणारे वाक्य राहत नाही. त्यावर घरातले वर्षभराचे धान्य अवलंबून असते.

ज्याच्यावर इतके अवलंबून आहे ते आधी कळावे, असे कोणाला वाटणार नाही? जळगाव जामोद तालुक्यात पूर्णेच्या काठी भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही परंपरा तीन शतकांहून अधिक जुनी समजली जाते आणि त्यांचे वंशज ती आजही पाळतात. शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, हरभरा, तीळ, सरकी अशी अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्यभागी खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, पुरी, वडा असे पदार्थ. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा कोठे सरकला हे पाहून पावसाचे, पिकांचे आणि देशाच्या राजकारणाचेही भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यासाठी विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून शेतकरी येतात.

या शेतकऱ्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. कर्ज काढून बियाणे आणणाऱ्याला आभाळाच्या मनातले जाणून घ्यावेसे वाटणे ही भूक समजण्यासारखी आहे. आमच्या घरातही ती आहे. हवामान खात्याचे अंदाज आम्ही कान देऊन ऐकतो. त्यामागे शास्त्र आहे, ते ऐकलेच पाहिजेत. पण अंदाज ऐकताना मनात जी ओढ असते ती वेगळीच असते. 'यंदा सारे ठीक होईल' असे कोणीतरी छातीठोकपणे सांगावे आणि आपण निश्चिंत व्हावे, अशी ती ओढ. प्रार्थनेलाही आपण कित्येकदा याच कामाला लावतो. नोवेना पूर्ण केली, मेणबत्ती लावली, आता निकाल आपल्या बाजूने लागलाच पाहिजे, असा हिशेब मनाच्या कोपऱ्यात चालू असतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली कॅथोलिक ख्रिस्तसभेचा जो धर्मशिक्षणग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या आज्ञेचे विवेचन करताना या ओढीचा विचार केलेला आहे. भविष्यकाळ श्रद्धेने परमेश्वराच्या हाती सोपवावा आणि त्याविषयीची नको ती उत्सुकता टाकून द्यावी, हा त्याचा भावार्थ. इतके तर आपल्या कानावर असतेच. पण त्याच परिच्छेदाचा शेवट फारसा कोणी लक्षात घेत नाही. पुढची तरतूद न करणे हाही जबाबदारीचा अभाव ठरू शकतो, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ग्रंथाने दोन्ही दारे बंद केली. भविष्य खोदून काढू पाहणारे दार बंद आणि 'देव बघून घेईल' म्हणत हातपाय पसरण्याचेही दार बंद. मध्ये जी अरुंद वाट उरते, तीच भरवशाची वाट.

ती वाट कशी असते हे आम्हाला एका गोणपाटाने शिकवले आहे. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणक्षमता तपासावी, असे कृषी विद्यापीठ आणि कृषी खाते सांगत असते. रीत साधी आहे. राशीतून सरसकट शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि अधूनमधून पाणी शिंपडायचे. काही दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक दाणे उगवले असतील तर बियाणे पेरण्यालायक. कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी उगवले तर दुसरे शोधायचे. तसेच, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज पेरणीची घाई करू नये, हाही सल्ला असतो.

आमच्या घरी हे गोणपाट घरातल्या वेदीखाली ठेवण्याची रीत पडली आहे. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यासमोर समई आणि खाली कोपऱ्यात ओल्या गोणपाटाची वळकटी. पाहुण्यांना प्रथम हसू येते. आम्हाला मात्र त्यात विसंगती वाटत नाही. शंभर दाणे मोजणे हे आमचे काम आहे. त्या दाण्यात मोड कोठून येतो हे आम्हाला ठाऊक नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक छोटासा दाखला आहे. मनुष्य जमिनीत बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो. बी रुजते आणि वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा देते. या दाखल्यातला शेतकरी आळशी नाही. पेरणी त्याने केली आहे आणि कापणीला विळा घेऊन तोच उभा राहतो. दोहोंच्या मधले जे आहे ते त्याच्या हातात नाही आणि म्हणूनच तो रात्री झोपू शकतो. आपल्या झोपेचे काय होते याचा विचार प्रत्येकाने आपल्याशी करून पाहावा.

आकाशातल्या पाखरांचा दाखलाही असाच आळसाच्या समर्थनासाठी वापरला जातो. पाखरे पेरीत नाहीत, कापीत नाहीत, तरी स्वर्गातील पिता त्यांना खाऊ घालतो, असे प्रभूने म्हटले, हे खरे. पण पाखरू घरट्यात बसून चोच उघडत नाही. ते पहाटेपासून हिंडते. आमच्याकडे उन्हाळा संपता संपता पावशा ओरडू लागतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा त्याचा बोल शेतकऱ्याला ऐकू येतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पाखरांकडे पाहा, ही प्रभूची आज्ञा वऱ्हाडच्या शेतकऱ्याने जणू आपल्या कानांनी पाळली आणि पाखराकडून त्याला उत्तर मिळाले ते काम करण्याचे. प्रभूने चिंता करू नका असे म्हटले; पेरू नका असे म्हटले नाही.

आमच्या भागात ही शिकवण ज्या मिशनऱ्यांच्या परंपरेतून आली, तिचे मूळ या विषयाशी विलक्षण जुळते. बुलढाणा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ सालची आणि त्या प्रदेशात सुवार्तेचे काम केले ते सावॉयमधील ॲनसीच्या संत फ्रान्सिस द सेल्स मिशनऱ्यांनी. फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली स्थापन केलेल्या या संस्थेने जो आश्रयदाता संत निवडला तो जिनिव्हाचा बिशप. त्याचा 'भक्तिमय जीवनाची ओळख' हा ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध झाला. साधना म्हणजे मठवासीयांची मिरास, असे मानले जाण्याच्या काळात या बिशपने गृहस्थाश्रमी माणसांसाठी लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की भक्ती ज्याच्या त्याच्या व्यवसायाला, शक्तीला आणि कर्तव्याला साजेशी असावी. कारागिराने दिवसभर चर्चमध्ये बसून राहावे आणि संसारी माणसाने उद्याची काही तजवीजच करू नये, ही भक्ती नव्हे. ज्या भक्तीने आपले कर्तव्य बिघडते ती भक्तीच खोटी. चारशे वर्षांपूर्वी आल्प्सच्या पायथ्याशी लिहिलेले हे विचार घाटाखालच्या कोरडवाहू शेताला जसेच्या तसे लागू पडतात.

याच मालिकेतला आणखी एक संत आम्हाला विशेष जवळचा वाटतो. १५ मे रोजी संत इसिदोर यांचा सण येतो, पेरणीच्या तोंडावर. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा हा बाराव्या शतकातला शेतमजूर. स्वतःची जमीन नाही, विद्या नाही. त्याला १६२२ साली संतपद जाहीर झाले ते संत इग्नेशियस लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी यांच्याबरोबर, एकाच दिवशी. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या झेवियरच्या शेजारी ख्रिस्तसभेने एका सालदाराला बसवले! हा रोज सकाळी मिस्साला जातो आणि कामावर उशिरा येतो, अशी तक्रार सोबत्यांनी मालकाकडे केली. मालक पाहायला आला तर इसिदोरच्या दोन्ही बाजूंना देवदूत नांगर धरून चाललेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतले एक आम्ही धरून ठेवले आहे: देवदूत आले तरी इसिदोरने आपल्या हातातला नांगर खाली ठेवला नव्हता.

वसईकडील आपले बांधव ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, नव्या धान्याचे स्वागत करतात. ते पीक हाती आल्याचे आभार. आम्ही मूठभर कॅथोलिक कुटुंबे मृगाआधीच्या रविवारी घरोघरचे मूठमूठ बियाणे टोपलीत घालून वेदीजवळ नेतो. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी वाहनचालक, कोणी शेतकरी, कोणी शेतमजूर. ज्याची शेती नाही तो घरची तूर आणतो. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि ती मूठ पुन्हा पोत्यात मिसळली जाते. पीक येण्याआधीच केलेले हे आभारप्रदर्शन आहे. यात एक धाडस आहे, आणि ते धाडस न कळता केलेले नाही, कारण बियाणे आशीर्वादित असूनही उगवत नाही अशी वर्षे आम्ही पाहिली आहेत.

येथे श्रद्धेचा अवघड भाग सुरू होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, आमच्याच जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. ओळख पटवणेही शक्य नव्हते. बहुतेकांवर बुलढाण्यातच एकत्रित अंत्यसंस्कार करावे लागले. त्या प्रवाशांपैकी कितीजणांनी घरून निघताना देवाला हात जोडले असतील! मग त्यांचा देव झोपला होता काय? असा प्रश्न त्या दिवसांत आम्हाला शेजाऱ्यांनी विचारला, आम्हीही तो एकमेकांना विचारला. संत लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात प्रभूपुढेही अशीच बातमी आली होती. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभूने स्वतःच 'नाही' म्हणून उत्तर दिले आणि ऐकणाऱ्यांना आपापले जीवन परमेश्वराकडे वळवायला सांगितले. मृतांच्या माथी पाप मारून जिवंतांनी निश्चिंत व्हावे, ही सोय त्याने ठेवली नाही. बुरूज का कोसळला याचे स्पष्टीकरणही त्याने दिले नाही. त्याने पुढे यरुशलेमची वाट धरली आणि ती वाट क्रुसाकडे जात होती.

श्रद्धा म्हणजे विमा नाही, हे आम्ही येथून शिकलो. विम्याच्या कागदावर हप्ता भरला की भरपाईचा हक्क लागू होतो. पित्याच्या घरात हक्काचा दावा चालत नाही. तेथे सोबत मिळते. आणि ती सोबत बहुधा कोणा माणसाच्या पायांनी चालत येते. हे लिहिण्याचा अधिकार आम्हाला एका वर्षाने दिला, म्हणून तेवढी हकिकत सांगतो.

ते २०१४ साल होते. जून कोरडा गेला. देशभर त्या महिन्यात सरासरीपेक्षा ४० टक्क्यांहून कमी पाऊस झाला. आमच्या गावी महिन्याच्या मध्यावर एक सर आली. तेवढ्या ओलीवर काहींनी तिफण चालवली. कोंब वर आले आणि उन्हाने करपून गेले. आमच्या शेताला शेत लागून असलेल्या एका शेजाऱ्याचे पाच एकर असे गेले. कुटुंब ख्रिस्ती नव्हते. आमचा संबंध बांधाचा, पोळ्याच्या नैवेद्याचा आणि नाताळच्या करंज्यांचा. मागच्या वर्षीचे पीककर्ज थकलेले, पत्नीचे दागिने गहाण पडलेले आणि दुबार पेरणीला घरात पैसा नाही. गडी बोलका होता, तो मुका झाला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्याची पत्नी आमच्या दारात आली. पदराखाली काहीतरी होते. आत येऊन तिने ते जमिनीवर ठेवले. कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा होता.

"भाऊ, हा तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "दोन दिस झाले, ते जेवून नाई राह्यले. रात्री उठून कोठ्यात जातात."

तिने एवढेच सांगितले. त्या बाईने त्या क्षणी जे केले ते आम्ही पुष्कळ प्रवचनांच्या वर ठेवतो. तिने हातातली एक गोष्ट केली आणि उरलेल्यासाठी शेजाऱ्याचे दार वाजवले. डबा आम्ही माळ्यावर कुलपात ठेवला.

आमचा जिल्हा हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा या जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले होते. आकडे मोठे होते; पण कोठ्याच्या दारापाशी रात्री कोण बसणार, हे कोणतेही पॅकेज ठरवू शकत नाही. ते शेजाऱ्यांनी ठरवायचे असते. त्या रात्रीपासून आम्ही चार घरच्या पुरुषांनी पाळ्या लावल्या. कोणी ना कोणी त्याच्या ओसरीवर झोपायला जाई. निमित्त काहीही असे: घरी पाहुणे आहेत, उकडते आहे, लाईट गेली आहे. बायकांनी जेवणाची वेळ साधून जायचे ठरवले, म्हणजे त्याला ताटावर बसावेच लागे. फादरना कळवले तेव्हा ते मोटारसायकलवरून आले. शुभवर्तमान त्यांनी पिशवीतून काढले नाही. त्यांनी चहा घेतला, गोठ्यात जाऊन बैलांच्या खांद्यावर हात फिरवला, एका बैलाच्या खुराची चौकशी केली आणि तासभर बाजेवर बसून राहिले. निघताना मात्र ते म्हणाले, "उद्या सकाळी आपण तिघे डॉक्टरांकडे जाऊ. ताप आल्यावर जातो ना, तसेच." दुसऱ्या दिवशी तो आला. मनाचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरांनी औषध दिले, बोलते केले, पुन्हा बोलावले. परमेश्वरावर भरवसा ठेवणे आणि डॉक्टरांचे औषध घेणे यांत काही विरोध आहे, असे त्या दिवशी कोणालाच वाटले नाही.

जुलैच्या मध्यावर पाऊस आला. गोणपाटावर तपासलेले आमचे बियाणे पुरून उरेल इतके नव्हते. तरी चार घरांनी मिळून त्याच्या पाच एकरांचे बियाणे जमवले. जुन्या लोकांना 'सावड' हा शब्द ठाऊक आहे. आज तुझ्या शेतात सारे, उद्या माझ्या शेतात सारे. मधल्या काळात ट्रॅक्टर आला, रोजंदारी आली आणि सावड मागे पडली होती. त्या वर्षी ती परत आली. दीड दिवसात पेरणी आटोपली. शेवटच्या तासाला तिफणीमागे तो स्वतः चालला.

वाचकांना वाटेल की मग भरघोस पीक आले. तसे झाले नाही. उशिराची पेरणी, शेंगा कमी भरल्या. खर्च जाऊन हाती फारसे उरले नाही. कर्जही लगेच फिटले नाही. पण माणूस उरला. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर उरले. दोन वर्षांनी त्याच्या पत्नीने बांधावर भाजी खुडता खुडता सहज म्हटले, "भाऊ, माळ्यावरचं ते आता टाकून द्या." आमच्या लेखी त्या वर्षाचे खरे पीक ते वाक्य होते.

अशा प्रसंगी आपण पुष्कळदा दुःखिताला 'देवावर विश्वास ठेव' असे सांगून मोकळे होतो. बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचा उपदेश करण्यासारखे ते आहे. खचलेल्या माणसाजवळ त्या वेळी श्रद्धा उरलेली नसते. म्हणून त्याच्या वाटची श्रद्धा त्याच्या शेजाऱ्यांनी काही काळ सांभाळायची असते. लकवा झालेल्या मनुष्याला चौघांनी खाटेसकट उचलून, छप्पर उसकटून प्रभूसमोर उतरवले, तेव्हा प्रभूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानकार नमूद करतो. खाटेवरच्याच्या विश्वासाविषयी तेथे शब्दही नाही. आपल्या धर्मग्रामात अशी खाट कोणाच्या अंगणात आहे आणि तिला चार खांदे लागले आहेत की नाहीत, हे पाहणे हे श्रद्धेचे काम आहे. आपल्या माहितीत कोणी अशा अंधारात असेल तर त्याला एकटे सोडू नये. टेलि-मानस ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे, हेही घरोघर ठाऊक असावे.

मोठ्या संकटाची गोष्ट येथे सांगितली, तरी श्रद्धेचा बहुतेक कस लहान गोष्टींतच लागतो. कापूस विकायला नेताना त्यावर पाणी न शिंपडणे. सालदाराचा हिशेब पाडव्याला चुकता करणे. मुलीच्या लग्नात लोक काय म्हणतील या भीतीने शेत गहाण न टाकणे. रात्री जपमाळेच्या वेळी दूरदर्शन संच बंद ठेवणे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला जेवायला हाक मारणे. यांतली प्रत्येक गोष्ट 'माझा पिता आहे' या एका वाक्यावर उभी आहे. पिता आहे म्हणून चार पैशांसाठी खोटे बोलण्याची गरज नाही. पिता आहे म्हणून लोकांच्या तोंडाकडे पाहून जगण्याची गरज नाही. पिता आहे म्हणून मुलाच्या गुणपत्रिकेवर घराची लाज टांगायची गरज नाही.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची जी मागणी आहे, तिच्यातले दोन शब्द आम्हाला दरवेळी थांबवतात. पहिला 'आज'. वर्षभराच्या कणगीची हमी प्रभूने मागायला लावली नाही. वाळवंटात इस्राएल लोकांना मान्ना मिळत असे तो रोजच्यापुरता. उद्यासाठी कोणी साठवला तर त्यात किडे पडत. आजच्या दिवसाला पुरेल इतके बळ आज मिळते, उद्याचे उद्या. दुसरा शब्द 'आम्हाला'. एकट्यासाठी भाकर मागण्याची सोय त्या प्रार्थनेत मुळीच नाही. जो 'आम्हाला' म्हणतो, त्याने शेजारच्या चुलीत धूर आहे की नाही हे पाहिलेले असले पाहिजे. नाहीतर त्याची प्रार्थना अर्धवट राहते.

यंदाही रोहिणी सरतील, मृग लागेल. पाऊस वेळेवर येईल की ओढ देईल हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसतानाच तिफण जुंपायची आहे. संत याकोब आपल्या पत्रात शेतकऱ्याचाच दाखला देतो. आगोटीच्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत तो भूमीच्या मोलवान पिकासाठी धीर धरतो, तसा धीर तुम्हीही धरा, असे तो सांगतो. हा धीर हात बांधून धरलेला नाही. पेरून झाल्यावर धरलेला आहे.

हे दयाळू पित्या, दाणे मोजण्याची बुद्धी आम्हाला दे आणि मोड तुझ्यावर सोपवण्याची नम्रता दे. आमच्या ओसरीवर झोप दे आणि शेजाऱ्याच्या ओसरीवर जाग दे. आभाळ कोरडे राहिले तरी आमची अंतःकरणे कोरडी पडू देऊ नकोस. पेरणाऱ्याच्या मुठीत बी आणि त्या मुठीवर तुझा हात असू दे. आमेन.